गेमिंग पीसीसाठी मदरबोर्ड निवडताना: सॉकेटपासून बिलापर्यंत

मदरबोर्डमुळे गेममधले एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढत नाहीत. रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर आणि एखादं चांगलं ग्राफिक्स कार्ड आधी साध्या बी६५० बोर्डवर चालवलं आणि मग तिप्पट किमतीच्या एक्स८७०ई बोर्डवर, तरी आकडे जवळपास तेच येतात. चुकीचा बोर्ड मात्र एफपीएस सहज खाली आणतो. भर उन्हाळ्यात तो प्रोसेसरचा वेग पाडतो, रॅम पूर्ण वेगाने चालू देत नाही, किंवा ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याच्या लेन (डेटा जायच्या वाटा) कापतो. म्हणून बोर्डवर किती खर्च करायचा याचं माझं उत्तर ठरलेलं आहे: बाकी कोणत्याही भागाची अडवणूक होणार नाही इतपत, आणि त्यापुढे एक रुपयाही नाही. वाचलेला पैसा ग्राफिक्स कार्डात घाला, तो स्क्रीनवर दिसतो.

सुरुवात बोर्डपासून करू नका

आधी कोणते गेम, कोणत्या रिझोल्युशनला खेळायचे ते ठरवा. त्यावरून ग्राफिक्स कार्ड ठरतं, त्याला साजेसा प्रोसेसर ठरतो आणि मग बोर्ड. दुकानात बरेचदा हा क्रम उलटा होतो. काउंटरवर ऑफरमधला एक चकचकीत बोर्ड समोर ठेवला जातो आणि मग त्यावर बसेल तो प्रोसेसर शोधला जातो.

खर्चाचा एक ढोबळ अंदाज देतो. रायझन ५ ७६०० सारख्या मधल्या प्रोसेसरला त्याच्या किमतीच्या साधारण पाऊण पटीपर्यंतचा बोर्ड ठीक. ९८००एक्स३डी सारख्या महागड्या प्रोसेसरला निम्म्या किमतीचा बोर्डही भरपूर होतो. बोर्ड प्रोसेसरपेक्षा महाग पडत असेल, तर त्यातलं नेमकं काय तुम्हाला हवं आहे ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर एक पायरी खाली या.

सॉकेट: पुढच्या अपग्रेडचा निर्णय इथेच होतो

प्रोसेसर ज्या खाचेत बसतो ते सॉकेट. एएमडी आणि इंटेलची सॉकेट वेगळी, आणि एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या पिढ्यांचीही वेगळी. आज नवीन पीसी बांधणाऱ्यासमोर मुख्यतः चार पर्याय असतात.

एएमडीचं एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये रायझन ७००० सोबत आलं. त्यावर फक्त डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅम चालते. या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यानंतरही साथ देऊ, असं एएमडीने जाहीर केलं आहे. अशा आश्वासनांवर मी सहसा विसंबत नाही, पण इथे आधीच्या एएम४ चा इतिहास भक्कम आहे. २०१७ मध्ये बी३५० बोर्ड घेतलेल्या कितीतरी लोकांना २०२२ मध्ये केवळ बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून त्याच बोर्डवर रायझन ७ ५८००एक्स३डी बसवता आला. बोर्ड, रॅम, कॅबिनेट सगळं तेच ठेवून प्रोसेसर थेट तीन पिढ्या पुढचा. सगळं नव्याने घेत असाल तर माझा कौल एएम५ ला.

एएम४ आता नव्या पिढ्यांच्या दृष्टीने थांबलं आहे, पण टाकाऊ झालेलं नाही. २०२५ च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले आणि डीडीआर५ घेणं अनेकांच्या आवाक्याबाहेर गेलं. तुमच्या जुन्या पीसीत १६ किंवा ३२ जीबी डीडीआर४ पडून असेल, तर बी५५० बोर्ड आणि रायझन ५ ५६०० ही जोडी १०८०पी गेमिंगला अजून छान चालते.

इंटेलकडे एलजीए१७०० वर १२, १३ आणि १४ व्या पिढीचे कोअर प्रोसेसर बसतात. इथे एक सोय आहे: बी७६० सारखे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. त्यामुळे घरात डीडीआर४ असणाऱ्याला आय५-१२४००एफ आणि डीडीआर४ वाला बी७६० हाही मार्ग खुला आहे. फक्त खोक्यावरचं नाव नीट वाचा. डीडीआर४ च्या आवृत्तीला नावाच्या शेवटी बहुधा 'डी४' किंवा 'डीडीआर४' असतं, आणि दोन्हींची खाच वेगळी असल्याने एकीची पट्टी दुसरीत बसत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा २०० मालिकेसोबत एलजीए१८५१ आलं. निव्वळ गेमिंगमध्ये ते एएमडीच्या एक्स३डी (जास्तीची कॅश मेमरी असलेल्या) प्रोसेसरांच्या मागे पडतं, त्यामुळे फक्त खेळण्यासाठी पीसी बांधणाऱ्याला ते घ्यायला मी सांगणार नाही.

आणखी एक प्रकार बाजारात जोरात खपतो, त्याबद्दल कळकळीने सांगतो. 'आय७ गेमिंग पीसी' म्हणून अगदी स्वस्तात विकल्या जाणाऱ्या तयार पीसींमध्ये बरेचदा एच६१ किंवा एच८१ चिपसेटचा (बोर्डवरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपचा) बोर्ड असतो. बोर्ड नवा छापलेला असतो, पण एच६१ चिपसेट २०११ चा आहे. त्यावर डीडीआर३ रॅम लागते, अधिकृतपणे विंडोज ११ चालत नाही, एनव्हीएमई या वेगवान प्रकारच्या एसएसडीवरून बूट करायला खटपट करावी लागते, आणि अपग्रेडला जागाच नसते. नुसत्या 'आय७' शब्दावर जाऊ नका. कितव्या पिढीचा, आणि बोर्डचा चिपसेट कोणता, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे काढू नका.

चिपसेट: अक्षर आधी वाचा, आकडा मग

एएम५ वर ए, बी आणि एक्स अशी चढती भाजणी आहे. ए६२० वर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) होत नाही, पण रॅमचं एक्स्पो प्रोफाइल (रॅमवर छापलेला वेग लागू करणारी सेटिंग) चालतं. बी६५० आणि बी८५० वर दोन्ही होतं. एक्स६७०ई आणि एक्स८७०ई मध्ये चिपसेटच्या दोन चिप असतात, म्हणून यूएसबी आणि एम.२ (छोट्या एसएसडीचे स्लॉट) जास्त मिळतात. ओव्हरक्लॉकिंगच्या बाबतीत ते बी मालिकेपेक्षा वेगळं असं काही देत नाहीत.

नावांचा घोळ बी८४० ने केला आहे. तो बी८५० चा धाकटा भाऊ वाटतो, पण क्षमतेने ए६२० च्या जवळचा आहे: प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग नाही आणि चिपसेटच्या लेन पीसीआयई (ग्राफिक्स कार्ड, एसएसडी जोडायचा मार्ग) ३.० या जुन्या, संथ पिढीच्या. बी६५० च्या किमतीला बी८४० 'नवीन मॉडेल' म्हणून गळ्यात मारला जात असेल तर नाही म्हणा.

इंटेलकडे एच६१० वर रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि रॅम ओव्हरक्लॉक करता येत नाही. बी७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा नाही. प्रोसेसरचा वाढवायचा तर झेड७९० सारखा झेड मालिकेचा बोर्ड आणि नावात 'के' असलेला प्रोसेसर, दोन्ही लागतात. आय५-१२४००एफ साठी झेड मालिकेचा बोर्ड घेणं म्हणजे निव्वळ पैसे वाया घालवणं.

बहुतेक गेमरांची गाडी बी६५० किंवा बी८५० वर येऊन थांबते आणि तिथेच थांबावी. पण 'बी६५०' या एकाच नावाखाली अगदी साधे आणि अगदी तगडे असे दोन्ही बोर्ड विकले जातात. आसुसचे प्राइम, टफ आणि रॉग स्ट्रिक्स, एमएसआयचे प्रो आणि मॅग, गिगाबाइटचे ईगल आणि ऑरस, एएसरॉकचे प्रो आरएस आणि स्टील लेजंड या त्या त्या कंपनीतल्या पायऱ्या आहेत. पायऱ्यांमधला खरा फरक पुढच्या दोन गोष्टींत असतो.

व्हीआरएम आणि आपला उन्हाळा

एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) बोर्डला १२ व्होल्ट देतो. प्रोसेसरला लागतात साधारण १ ते १.३ व्होल्ट. हे व्होल्टेज उतरवण्याचं काम सॉकेटच्या डावीकडे आणि वरच्या बाजूला असलेलं व्हीआरएम करतं. आकड्यांत सांगायचं तर ९८००एक्स३डी ला सॉकेटमधून जास्तीत जास्त १६२ वॅट घ्यायची मुभा असते. १.२ व्होल्टला ते १३५ अँपिअर होतात. घरातला २ किलोवॅटचा गीझर ९ अँपिअरही घेत नाही, हे लक्षात घेतलं म्हणजे बोर्डच्या त्या चार बोटं जागेत काय चाललेलं असतं ते कळतं. यातला साधारण दहावा हिस्सा उष्णता म्हणून व्हीआरएममध्येच निघतो.

खोक्यावर '१२+२+१' असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा प्रोसेसरच्या कोअरना वीज देणाऱ्या टप्प्यांचा, म्हणजे फेजचा. १२ लिहिलेत म्हणजे १२ स्वतंत्र फेज असतीलच असं नाही. बरेचदा सहा फेजवर दोन-दोन पॉवर स्टेज (प्रत्यक्ष वीज पुरवणाऱ्या चिप) जोडलेल्या असतात, आणि त्यात वाईट काही नाही. पॉवर स्टेज किती अँपिअरची, आणि तिच्यावरचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) किती वजनदार, हे अधिक महत्त्वाचं. उत्पादनाच्या पानावर ५०, ६० किंवा ८० अँपिअर असा स्पष्ट उल्लेख असेल तर चांगली खूण. तो आकडा कुठेच दिला नसेल, तर बहुधा तो सांगण्यासारखा नाही.

प्रत्येकाला तगडं व्हीआरएम लागतं असंही नाही. रायझन ५ ७६०० ची कमाल मर्यादा ८८ वॅटची, त्याला बऱ्यापैकी हीटसिंक असलेला कोणताही बी६५० पुरतो. ७८००एक्स३डी गेममध्ये बहुतेक वेळ ८० वॅटच्या आतच राहतो. खरी परीक्षा रायझन ९ ९९५०एक्स ची, किंवा २५३ वॅटच्या आय९-१४९००के ची. खेळण्याबरोबर तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करणाऱ्यांनी इथे हात आखडता घेऊ नये.

आता आपल्याकडची गोष्ट. बोर्डच्या परदेशी चाचण्या बहुतेक वेळा २०-२२ अंशांच्या खोलीत झालेल्या असतात. चंद्रपूर, नागपूर, अकोल्याला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास खेळत असतो आणि एसी नसलेल्या खोलीतही ४० अंश सहज असतात. चाचणीत व्हीआरएम ७५ अंशांवर दिसलं असेल, तर तुमच्या खोलीत ते ९५ धरा. कॅबिनेट कोंदट असेल तर आणखी वर. चाचणीतच ९० दाखवणारा बोर्ड विदर्भ-खानदेशात राहणाऱ्याने घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पुण्यात किंवा नाशकात थोडी सूट घेता येते.

फोटोत काय पाहायचं? सॉकेटच्या डावीकडचे छोटे काळे चौकोनी भाग उघडे दिसत असतील तर त्यांच्यावर हीटसिंक नाही. असा बोर्ड ६५ वॅटच्या प्रोसेसरपुरताच ठेवा. हीटसिंक स्क्रूने बसवलेला असेल तर उत्तम. लिक्विड कूलर लावणार असाल तर एक गोष्ट सुटू नये: साधा एअर कूलर आजूबाजूला जी हवा फेकतो ती व्हीआरएमलाही मिळते, लिक्विड कूलरमध्ये ती मिळत नाही. मग कॅबिनेटच्या मागच्या किंवा वरच्या बाजूने हवा खेचणारा पंखा हवाच.

लेनचा हिशेब

इथे सर्वात जास्त फसगत होते, कारण हे खोक्यावर लिहिलेलं नसतं.

एएम५ च्या रायझन ७००० आणि ९००० प्रोसेसरांकडे पीसीआयईच्या २८ लेन असतात. १६ ग्राफिक्स कार्डाला, चार पहिल्या एम.२ एसएसडीला, चार आणखी एका एम.२ ला किंवा तत्सम कामाला, आणि चार चिपसेटशी बोलायला. बाकी सगळे एम.२, साटा (जुन्या प्रकारच्या डिस्कची जोडणी), यूएसबी, लॅन चिपसेटकडून येतात आणि त्या शेवटच्या चार लेनमधूनच प्रोसेसरपर्यंत पोचतात. म्हणून विंडोज आणि रोजचे गेम नेहमी सॉकेटच्या सर्वात जवळच्या एम.२ स्लॉटवर टाका.

लेन मोजक्या असल्या की वाटून घ्याव्या लागतात. बोर्डच्या मॅन्युअलमध्ये स्टोरेजच्या तक्त्याखाली बारीक अक्षरांत एक-दोन ओळी असतात: अमुक एम.२ स्लॉट वापरला तर साटा ५ आणि ६ बंद होतील, किंवा तमुक स्लॉट भरला तर ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट १६ ऐवजी ८ लेनवर चालेल. एक्स८७० बोर्डांवर यूएसबी४ सक्तीचं आहे आणि ते बहुधा प्रोसेसरच्याच चार लेन घेतं. त्यामुळे काही बोर्डांवर दुसरा एम.२ भरला की यूएसबी४ चा वेग घटतो. 'चार एम.२ स्लॉट' ही जाहिरात वाचून खूश होण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावरून मॅन्युअलची पीडीएफ उतरवा आणि या ओळी शोधा. मॅन्युअल फुकट आहे, बोर्ड विकत घेण्याआधीच वाचता येतं, आणि माझ्या मते बोर्ड निवडण्याच्या सगळ्या कामात इथे घालवलेली दहा मिनिटं सर्वात सार्थकी लागतात.

ग्राफिक्स कार्डांचीही एक मेख आहे. आरटीएक्स ४०६०, ५०६०, ५०६० टीआय किंवा आरएक्स ७६०० ही कार्डं दिसायला पूर्ण लांबीच्या स्लॉटची असली तरी वापरतात फक्त आठ लेन. पीसीआयई ४.० वर आठ लेन पुरतात. तेच कार्ड ए५२० किंवा बी४५० सारख्या पीसीआयई ३.० बोर्डवर लावलं की वाट निम्मी होते, आणि कार्डची ८ जीबी मेमरी भरली की गेम अडखळायला लागतो. प्रोसेसरही इथे गळफास बनू शकतो. रायझन ५ ५५०० आणि ५६००जी पीसीआयई ३.० च देतात, बोर्ड बी५५० असला तरी. एएम५ वरचा रायझन ५ ८५००जी तर ग्राफिक्स कार्डाला चारच लेन देतो. पुढे मोठं कार्ड लावायचा विचार असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

पीसीआयई ५.० साठी मात्र जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही. आजची सर्वात ताकदीची कार्डंसुद्धा ४.० च्या १६ लेनवर नगण्य फरकाने चालतात. ५.० ची एसएसडी मोठ्या फायली हलवताना पळते, गेम लोड होताना ४.० च्या चांगल्या एसएसडीपेक्षा जेमतेम फरक दाखवते आणि तापते मात्र बरीच.

रॅम: दोन पट्ट्या, योग्य खाचा

रायझन ७००० आणि ९००० साठी ६००० वेगाची, सीएल३० ची (हा आकडा रॅमच्या विलंबाचा) दोन पट्ट्यांची डीडीआर५ जोडी हे सर्वात समाधानकारक ठिकाण आहे. ८००० चा आकडा छापलेला बोर्ड बघून भुलू नका.

चार स्लॉट दिसतात म्हणून चारही भरायचे नसतात. डीडीआर५ च्या चार पट्ट्या लावल्या की एएमडीचा अधिकृत वेग थेट ३६०० वर येतो. जास्त वेगाने त्या चालल्याच तर ते नशीब, हक्क नव्हे. म्हणून '१६ जीबीच्या दोन आत्ता, दोन नंतर' हा बेत एएम५ वर आखू नका. सुरुवातीलाच दोन पट्ट्यांत हवी तेवढी रॅम घ्या. पैसे कमी पडत असतील तर आज एक १६ जीबीची पट्टी आणि पुढे त्याच मॉडेलची दुसरी, हे परवडलं. या हिशेबाने दोनच स्लॉटचा स्वस्त बोर्डही गेमरला पुरेसा आहे.

चार स्लॉटच्या बोर्डवर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत जातात. घेण्याआधी रॅमचं मॉडेल बोर्डच्या सुसंगत मेमरीच्या यादीत आहे का ते तपासा. डीडीआर५ बसवल्यावर पहिल्यांदा पीसी चालू केला की स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. बोर्ड रॅमची चाचपणी करत असतो. घाबरून वीज बंद करू नका.

आकार, पोर्ट आणि खोक्यावरच्या बाकीच्या गोष्टी

एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४, मिनी-आयटीएक्स १७० बाय १७०. एकच ग्राफिक्स कार्ड लावणाऱ्याला मायक्रो-एटीएक्स पुरतो आणि स्वस्तही पडतो. त्यात एवढंच बघा की जाडजूड कार्ड बसल्यावर खालच्या काठावरचे यूएसबी आणि फ्रंट पॅनलचे कनेक्टर झाकले जात नाहीत ना. मिनी-आयटीएक्स महाग असतो आणि तापतो. टेबलावर जागाच नसेल तरच त्याचा विचार करा.

मागचे यूएसबी पोर्ट मोजा: कीबोर्ड, माउस, हेडसेट, कंट्रोलर, वेबकॅम यातच पाच गेले. सहापेक्षा कमी असतील तर पुढे हबच्या मागे धावावं लागेल. तुमच्या कॅबिनेटला पुढे टाइप-सी पोर्ट असेल तर बोर्डवर त्याचा वेगळा कनेक्टर असायला हवा, तो स्वस्त बोर्डांवर नसतो. वाय-फाय हवं असेल तर वाय-फाय असलेलीच आवृत्ती घ्या. राउटर त्याच खोलीत असेल तर लॅनची केबल केव्हाही सरस. घरचं कनेक्शन २००-३०० एमबीपीएसचं असेल तर २.५ गिगाबिट लॅनसाठी वेगळे पैसे देण्यात अर्थ नाही.

लायटिंगची एक धोक्याची जागा आहे. एआरजीबी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठेवता येणाऱ्या) पंख्यांचा कनेक्टर ५ व्होल्टचा, तीन पिनांचा. जुन्या आरजीबीचा १२ व्होल्टचा, चार पिनांचा. ५ व्होल्टचा पंखा १२ व्होल्टवर जोर करून लावला तर त्यातले दिवे जळतात. पंखे आधीच घेतलेले असतील तर बोर्डवर ५ व्होल्टचे किती हेडर आहेत ते पाहून घ्या.

प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, बूट असे चार छोटे निदान-दिवे बोर्डवर असणं मी फार मोलाचं मानतो. पीसी सुरू होत नाही तेव्हा कोणता दिवा लागून राहिला आहे ते पाहिलं की दोष कुठे आहे ते बसल्या जागी कळतं. तालुक्याच्या गावात राहणाऱ्याचा यामुळे शहराचा एक हेलपाटा वाचतो.

बायोस: घेण्याआधी आणि घेतल्यावर

बी६५० बोर्ड रायझन ९००० येण्याआधीपासून बाजारात आहेत. दुकानात जुना साठा असेल तर त्यातल्या बायोसला नवा प्रोसेसर ओळखता येत नाही आणि पीसी सुरूच होत नाही. खोक्यावर 'रायझन ९००० रेडी' असं स्टिकर असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घ्या. त्यावर प्रोसेसर न बसवताही अपडेट होतं: एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर कंपनीने सांगितलेल्या नावाने फाइल ठेवायची, तो ठरावीक यूएसबी पोर्टमध्ये लावायचा, एसएमपीएसच्या २४ पिनांची आणि ८ पिनांची केबल जोडायची, आणि बटण दाबून दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावायचा नाही. हे काम यूपीएसवरच करा. लोडशेडिंगची वेळ साधून तर मुळीच करू नका.

बायोस अपडेट केवळ नव्या प्रोसेसरासाठी नसतं. २०२३ मध्ये काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे जळाले, तेव्हा एएमडीने एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागांच्या व्होल्टेजवर) १.३ व्होल्टची मर्यादा घातली, ती बायोसमधूनच आली. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या ताकदवान प्रोसेसरांमधल्या अस्थिरतेवर २०२४ मध्ये मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या मूळ सूचनांचे) उपाय आले, तेही बायोसमधूनच. सेकंड-हँड आय७ किंवा आय९ घेत असाल तर तो आधी कोणत्या बायोसवर चालला होता हे कळायला मार्ग नसतो. त्याच्या वाटेला मी जाणार नाही.

गेमच्या बाजूनेही आता अटी आल्या आहेत. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बायोसमधल्या सुरक्षेच्या दोन्ही सोयी चालू लागतात, बॅटलफील्ड ६ ला सिक्युअर बूट लागतं. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एएम५ किंवा एलजीए१७०० चा कोणताही बोर्ड हे सगळं देतो, फक्त विंडोज टाकण्याआधीच बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद करून ठेवा.

दुकानात आणि पार्सल उघडताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा ऑनलाइन मागवा, एक गोष्ट तिथल्या तिथे करा. एएम५ किंवा इंटेलचा बोर्ड असेल तर सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण उचला, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा आणि पिनांकडे चारही बाजूंनी पाहा. पिना सरळ असतील तर प्रकाश सगळीकडे एकसारख्या रांगांत चमकतो. एखादी वाकलेली असेल तर त्या ठिकाणी रांग तुटलेली दिसते. वाकलेल्या पिना वॉरंटीत बसत नाहीत, म्हणून ऑनलाइन पार्सल असेल तर सील तोडण्यापासून इथपर्यंत एकसलग व्हिडिओ काढा. आणि ते झाकण फेकू नका. पुढे कधी बोर्ड वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर ते सॉकेटवर लावूनच पाठवावं लागतं.

मोठ्या कंपन्यांच्या बोर्डांना भारतात साधारण ३ वर्षांची वॉरंटी असते. पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर बोर्डचा सिरीयल नंबर लिहून घ्या. 'बिल नको असेल तर कमी करतो' या बोलीत ग्राहकाचा तोटाच असतो. सर्व्हिस सेंटर तुमच्या जिल्ह्यात आहे की कुरिअर करावं लागेल, हे आधीच विचारा. दोन बोर्डांत निवड अडली असेल तर जवळ सर्व्हिस असलेला घ्या. अमेरिकेतून किंवा दुबईहून नातेवाइकांकडून मागवायचा असेल तर त्या बोर्डची वॉरंटी भारतात चालते का हे कंपनीकडून आधी लेखी मिळवा. बहुतेकदा ती चालत नाही.

जोडणी झाल्यावर लगेच

बायोसमध्ये जाऊन एक्स्पो किंवा एक्सएमपी (इंटेलकडची तशीच सेटिंग) चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वर चालत राहते आणि पत्ताही लागत नाही. रीसायझेबल बार (प्रोसेसरला ग्राफिक्स कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू आहे का ते बघा. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये रॅमचा वेग दिसतो. जीपीयू-झेड या मोफत प्रोग्राममध्ये ग्राफिक्स कार्ड किती लेनवर आणि कोणत्या पीसीआयईवर चालतंय ते कळतं, पण ते गेम चालू असताना पाहा, कारण रिकामं बसलेलं कार्ड वीज वाचवायला वेग कमी दाखवतं. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्राम लावून दुपारच्या वेळी तासभर तुमचा सर्वात जड गेम खेळा आणि व्हीआरएमचं तापमान नोंदवा. सगळे यूएसबी, सगळे एम.२ स्लॉट, पुढचा ऑडिओ जॅक एकेक करून तपासा. बोर्ड बदलून देण्याची दुकानाची मुदत सहसा काही दिवसांचीच असते, हे सगळं त्या मुदतीच्या आत उरका.